आरक्षण नसते तर भारत महासत्ता झाला असता?

हे वाक्य तुम्ही ऐकलेले आहेच. कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात डबे उघडताना, लग्नाच्या मांडवात, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रत्येक ग्रुपवर. "आरक्षणाने गुणवत्ता मारली, नाहीतर आपण केव्हाच महासत्ता झालो असतो." बोलणारा इतक्या खात्रीने बोलतो की जणू वॉशिंग्टन आणि बीजिंगचा हिशोब त्याच्या खिशात आहे. आणि ऐकणारा आपला पोरगा गप्प बसतो. त्याला उत्तर येत नाही असे नाही. पण समोर 'देश' उभा केला की आपल्या माणसाला आपण काहीतरी मागतो आहोत, देशाला ओझे झालो आहोत असे वाटू लागते. मी वस्त्यांमधून अभ्यासवर्ग घेतो. तिथे इंजिनिअरिंगला असलेल्या मुलांनीही हा प्रश्न मला खाली मान घालून विचारला आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी महासत्ता या शब्दाचेच बघू. 'सुपरपॉवर' हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला विल्यम फॉक्स नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने, १९४४ च्या एका पुस्तकात. त्याच्या यादीत तीन नावे होती: अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटिश साम्राज्य. पुढे बाराच वर्षांनी, १९५६ मध्ये, सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने इजिप्तवर सैन्य घातले, आणि अमेरिकेने पौंडाची कोंडी करताच मुकाट्याने मागे घेतले. यादीतले एक नाव खोडले गेले. दुसरे १९९१ मध्ये गेले. सोव्हिएत रशियाकडे अणुबॉम्ब होते, १९५७ साली सर्वांत आधी उपग्रह सोडण्याचा मान होता, जगातल्या सर्वांत मोठ्या फौजांपैकी एक होती. यातले काहीही त्याला वाचवू शकले नाही.

भाकिते करणाऱ्यांची गतही फार चांगली नाही. १९७९ मध्ये एझ्रा व्होगेल या हार्वर्डच्या प्राध्यापकाचे जपानवर पुस्तक आले, शीर्षकातच जपान पहिल्या नंबरावर. दहा-बारा वर्षांत जपानचा फुगा फुटला. आपल्याकडे १९९८ मध्ये अब्दुल कलाम आणि य. सु. राजन यांनी 'इंडिया २०२०' लिहिले. शाळाशाळांत २०२० ची स्वप्ने वाटली गेली. आमच्याही शाळेच्या भिंतीवर ते वर्ष रंगवलेले होते. २०२० आले तेव्हा याच देशातले मजूर मुंबई-पुण्याहून डोक्यावर बोचकी घेऊन चालत गावी निघाले होते. मग २०१९ मध्ये ठरवलेले ५ लाख कोटी डॉलरच्या अर्थव्यवस्थेचे लक्ष्य २०२४-२५ साठी होते. तेही साल गेले. आता २०४७.

तरीही प्रश्न खोटा नाही. पुढची महासत्ता कोण, याला आज जमिनीवर पाय ठेवून उत्तर देता येते. रशिया नाही. युक्रेनमध्ये २०२२ पासून अडकलेल्या या देशाची अर्थव्यवस्था भारतापेक्षाही लहान आहे. युरोपकडे पैसा आहे, पण एक सैन्य नाही, एक सरकार नाही. जपान म्हातारा होतो आहे. उरले दोन: अमेरिका, जी आहे, आणि चीन, जो दारात उभा आहे. २०२४ चे ढोबळ आकडे घ्या. अमेरिकेचे उत्पन्न सुमारे २९ लाख कोटी डॉलर, चीनचे १८ ते १९, भारताचे ४ च्या आत. दरडोई काढले तर अमेरिका ८५ हजार डॉलर, चीन १३ हजार, भारत २७०० च्या आसपास. लोकसंख्येत आपण २०२३ मध्ये चीनला मागे टाकले आणि अर्थव्यवस्थेच्या आकारात पहिल्या पाचात आलो, याचा ढोल वाजवला जातो. पण १४० कोटी लोकांनी मिळून चार कमावणे आणि ३४ कोटींनी मिळून २९ कमावणे यात फरक कशाचा आहे? माणसाचा. एकेका माणसाकडून काय करवून घेतले आणि त्याला काय करू दिले याचा.

इथेच आरक्षणविरोधी मंडळींचा युक्तिवाद त्यांच्याच अंगावर उलटतो. आणि तो उलटवायला आंबेडकरी ग्रंथ लागत नाहीत, अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पुरतात.

२०१९ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या अत्यंत मान्यवर नियतकालिकात श्ये, हर्स्ट, जोन्स आणि क्लेनो या चौघांचा एक अभ्यास छापून आला. त्यांनी साधा प्रश्न घेतला. १९६० मध्ये अमेरिकेतले ९४ टक्के डॉक्टर आणि वकील गोरे पुरुष होते. २०१० मध्ये हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. म्हणजे पन्नास वर्षांत स्त्रिया आणि काळे लोक त्या कामांत शिरले जिथे त्यांना आधी दार बंद होते. या दार उघडण्याचा देशाच्या उत्पन्नावर काय परिणाम झाला? त्यांचे उत्तर: त्या पन्नास वर्षांत दरडोई उत्पादनात जी वाढ झाली, तिच्यातला २० ते ४० टक्के वाटा या एका गोष्टीचा आहे. बुद्धी जन्मावर वाटलेली नसते. मग एखाद्या व्यवसायात ९४ टक्के एकाच गटाचे लोक असतील तर त्याचा सरळ अर्थ असा की त्या खुर्च्यांवर कमी कुवतीची माणसे बसली आहेत आणि जास्त कुवतीची माणसे बाहेर झाडू मारताहेत. गुणवत्ता मारली जाते ती अशी.

१९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळापुढे जे भाषण बाबासाहेबांना देऊ दिले गेले नाही, त्यात जातीवर त्यांनी घेतलेला आर्थिक आक्षेप हाच आहे. माणसाचा धंदा त्याच्या आवडीवरून आणि कुवतीवरून न ठरता आईबापाच्या सामाजिक दर्जावरून ठरतो, ही व्यवस्था देशाला आर्थिकदृष्ट्याही बुडवते, असे ते मांडतात. त्या चौघा अर्थतज्ज्ञांनी आकडे काढायच्या ऐंशीहून अधिक वर्षे आधी.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेने हे दार मनाच्या मोठेपणाने उघडले. बिलकूल नाही. काळ्यांनी रक्त सांडून ते उघडायला लावले, आणि त्यात महासत्ता असण्याची लाजही उपयोगी पडली. १९५४ च्या 'ब्राऊन' निकालाआधी अमेरिकन सरकारने कोर्टात लेखी सांगितले होते की शाळांतला वर्णभेद परराष्ट्र धोरणाला नडतो आहे. रशिया जगभर त्याचा प्रचार करतो. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना जाऊ देण्यासाठी आयसेनहॉवरने लष्कर पाठवले, तेव्हाही देशाला उद्देशून केलेल्या भाषणात जगातल्या बदनामीचा मुद्दा होता. बाबासाहेबांनी ही गोष्ट केव्हाच हेरली होती. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे न्यावा असा विचार बोलून दाखवला.

आता चीन. आपल्याकडे चीनची गोष्ट १९७८ पासून सांगतात: डेंग आले, बाजार खुला झाला, कारखाने उभे राहिले. म्हणजे आपणही १९९१ पासून तेच केले, तेरा वर्षे उशिरा, बस्स. ही अर्धी गोष्ट आहे. बाजार खुला झाला तेव्हा कारखान्यात शिरायला तिथे कोण उभे होते, हे कोणी सांगत नाही. १९५० च्या कायद्याने जमीनदारी मोडून जमीन कसणाऱ्याला दिली गेली होती. खेड्यापाड्यांत 'अनवाणी डॉक्टर' पोचले होते. सरासरी आयुर्मान साठीच्या पुढे गेले होते, तेव्हा आपले पन्नाशीच्या आसपास होते. चीनच्या १९८२ च्या जनगणनेत सुमारे दोन तृतीयांश प्रौढ साक्षर निघाले. आपल्या १९८१ च्या जनगणनेत साक्षरता ४३.५७ टक्के, आणि बायकांची ३० टक्क्यांच्याही आत. अमर्त्य सेन वर्षानुवर्षे हेच सांगत आले. बाजाराने चीनला उचलले खरे, पण उचलण्याजोगी माणसे त्याआधीच तयार होती.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या वादात मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमध्येही जन्मावरून माणूस तोलला जात होता. आजोबा जमीनदार असेल तर नातवाला विद्यापीठ बंद. १९७७ मध्ये प्रवेश परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि कुळाची ही अट बरीच सैल केली गेली. त्या डिसेंबरात ५७ लाख लोक परीक्षेला बसले, जागा होत्या पावणेतीन लाखांच्या आत. पुढच्या चाळीस वर्षांतला चीन चालवणारे कितीतरी लोक त्या एका वर्गातून निघाले. जन्माची अट काढली आणि मग देश पुढे गेला, असा क्रम आहे. उलटा नाही.

याचा परिणाम आज आपल्याच बाजारात दिसतो. २०२४-२५ मध्ये चीनशी आपली व्यापारी तूट ९९ अब्ज डॉलरवर गेली. दिवाळीच्या माळा सोडा, औषधांचा कच्चा माल, सोलर पॅनेल, मोबाईलचे सुटे भाग तिथून येतात. २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर नुसते परवाने लावले तर आपल्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळाले. आणि आपण बहिष्काराचे फॉरवर्ड पाठवतो, चिनी मोबाईलवरून.

इथे आपल्यातल्याच काहींचा आणि पलीकडच्या बऱ्याच जणांचा एक ठरलेला आक्षेप येतो: चीनला हुकूमशाहीमुळे जमले, आपल्याला लोकशाही नडली. मी हे अजिबात मान्य करत नाही. त्याच हुकूमशाहीने १९५९ ते ६१ च्या दुष्काळात कोट्यवधी शेतकरी उपाशी मारले, आणि बातमी वर पोचवण्याची कोणाची छाती झाली नाही. त्याच हुकूमशाहीने १९८० पासून पस्तीस वर्षे एक मूल लादले. आज चीनची लोकसंख्या घटते आहे, आणि पुढच्या काळात त्याच्या महासत्तेला सर्वांत मोठा धोका अमेरिकेचा नसून याचा आहे. तिबेटी आणि उइगुर लोकांचे काय चालले आहे तेही जग बघते आहे. बाबासाहेबांना चीनबद्दल कधीच भाबडेपणा नव्हता. २६ ऑगस्ट १९५४ ला राज्यसभेत त्यांनी नेहरूंच्या पंचशीलाची हजेरी घेतली होती. माओंचा पंचशीलावर विश्वास असता तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांना त्यांनी असे वागवले नसते, असा त्यांचा रोकडा मुद्दा होता.

आणि लोकशाहीत हे जमत नाही म्हणता, तर केरळ काय आहे? २०२० च्या नमुना नोंदणीत देशात हजार जन्मांमागे २८ बालके वर्षाच्या आत दगावत होती, मध्य प्रदेशात ४३, केरळात ६. तिथे चीनची पार्टी नव्हती. तिथे अय्यनकाली होते, ज्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुलया मुलांना शाळेत घेत नाहीत म्हणून शेतमजुरांचा संप घडवला. नारायण गुरू होते. शाळेचे दार जातीच्या हातून आधी हिसकावले गेले, आकडे मागाहून आले.

तमिळनाडूचे तर विचारूच नका, कारण त्याचे नाव काढले की आरक्षणविरोधकांचा आवाज बसतो. तब्बल ६९ टक्के आरक्षण तिथे. आरक्षणाची परंपरा १९२० च्या दशकापासूनची. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे हे राज्य गाळात जायला हवे होते. वार्षिक उद्योग पाहणीत देशातले सर्वांत जास्त कारखाने कुठे आहेत? तमिळनाडूत. सर्वांत जास्त कारखाना कामगार? तमिळनाडूत. देशभरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या त्या राज्यात. तिथे जात संपली असे मी म्हणत नाही. वेंगैवयल गावात दलितांच्या पाण्याच्या टाकीत विष्ठा टाकली गेली ती २०२२ मध्ये. पण आरक्षणाने उद्योग बुडतो हे म्हणणे त्या राज्याच्या सीमेवरच मरते.

रेल्वेचेही असेच. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी भारतीय रेल्वेचा अनेक वर्षांचा तपशील तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष छापला: आरक्षित जागांवरून आलेल्या कर्मचाऱ्यांचे प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटल्याचा काही पुरावा नाही, उलट वरच्या श्रेणींत काही ठिकाणी परिणाम चांगलाच दिसला. "आरक्षणवाल्याने बांधलेला पूल पडतो" म्हणणाऱ्याला एवढे विचारा की पडलेल्या पुलांच्या ठेकेदारांची यादी काढू या का? ठेक्यात आरक्षण कुठे आहे?

खरी गंमत पुढे आहे. ज्या क्षेत्रात आरक्षण औषधालाही नाही, त्या खासगी क्षेत्राने महासत्तेसाठी काय केले? महासत्ता संशोधनावर उभी राहते. अमेरिका राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेतीन टक्के संशोधनावर घालते, चीन अडीच टक्क्यांच्या वर, दक्षिण कोरिया पाचच्या घरात. भारत ०.६४ टक्के. त्यातही चीनमध्ये तीन चतुर्थांशाहून अधिक खर्च उद्योग करतात. आपल्याकडे खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे 'शुद्ध गुणवत्ते'च्या हाती शंभर टक्के कारभार होता तिथे संशोधन झाले नाही. कंपनी बापाकडून पोराकडे गेली, मॅनेजर ओळखीतून आला, आणि माल चीनहून मागवून वर आपले लेबल लावले. हेही जन्मावरचे आरक्षणच आहे, फक्त त्याला रोस्टर नाही.

आणि जे बुद्धिमान आरक्षणाला कंटाळून परदेशी गेले म्हणतात, ते जाताना जात घेऊनच गेले. कॅलिफोर्नियात एका दलित इंजिनिअरच्या छळावरून २०२० मध्ये सरकारी खटला उभा राहिला, २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला. महासत्तेला आपण ही निर्यात केली.

आता देशातली माणसे बघू, ज्यांच्या जोरावर महासत्ता व्हायचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१: पाच वर्षांखालची ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी. अनुसूचित जाती-जमातींत हे प्रमाण चाळिशीच्या आसपास. १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी. सरकार ८० कोटी लोकांना फुकट धान्य देते. द्यायलाच हवे, माझा त्याला विरोध नाही, पण जिथे निम्म्याहून अधिक लोकांना रेशनच्या तांदळाशिवाय चूल पेटवणे कठीण आहे त्या देशात महासत्तेची गाणी वाजवताना आवाज जरा कमी ठेवावा. देशातल्या शेतजमिनीपैकी अनुसूचित जातींकडे नऊ टक्क्यांच्या आतबाहेर. आणि वाडीवस्तीवरच्या वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा परवडत नाहीत म्हणून एकत्र करायचे बेत आपल्याच महाराष्ट्रात शिजतात. मुलगी चार किलोमीटर चालत जाईल, की घरी बसेल? वस्तीत काम करणाऱ्या कोणालाही विचारा.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान चंद्रावर उतरले. शास्त्रज्ञांचे कौतुक मनापासून. दोनच महिन्यांनी, २० ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाने गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगाराच्या घरच्यांना द्यायची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. २०१३ चा बंदीचा कायदा असताना. चंद्रावर उतरणारे यंत्र बनवणाऱ्या देशाला मॅनहोलमध्ये उतरणारे यंत्र गल्लोगल्ली पोचवता येत नाही, याला तंत्रज्ञान कमी पडते का? माणूस स्वस्त आहे, म्हणून यंत्र महाग वाटते. आणि तो माणूस स्वस्त का आहे हे जनगणनेच्या जातीच्या रकान्याने सांगितले असते, म्हणूनच तो रकाना इतकी वर्षे टाळला गेला.

१० ऑक्टोबर १९५१ ला मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी परराष्ट्र धोरणावर जी टीका केली तीत एक हिशोब होता: साडेतीनशे कोटींच्या महसुलातले १८० कोटी लष्करावर जातात. मित्र जोडता येत नाहीत म्हणून हा खर्च, आणि त्या खर्चापायी उपाशी लोकांना द्यायला पैसा नाही. आज लष्करी खर्चात आपण जगात पाचवे आहोत आणि मानव विकासात १९३ देशांत १३० वे. चीन त्या यादीत ७८ वा आहे.

चीनने १९७८ नंतर आपली मुले हजारोंनी अमेरिकेला शिकायला पाठवली. आपल्या केंद्र सरकारची अनुसूचित जाती वगैरेंसाठीची परदेशी शिष्यवृत्ती वर्षाला १२५ जणांसाठी आहे. संपूर्ण देशात १२५. आणि २०२२ मध्ये तिच्या नियमांत एक ओळ घातली गेली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांवरच्या संशोधनाला ती मिळणार नाही. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेल्या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ ला तिथल्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. त्या विषयावर संशोधन करायचे म्हणून त्याने आज दिल्लीत अर्ज केला असता, तर तो पहिल्याच टेबलावर बाद झाला असता.